पाखाडीपर्यंतची गाडी

दादाने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, पण गाडी जागची हलली नाही. कुवारबावच्या गॅरेजसमोर ऑक्टोबरच्या उन्हात, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत बसला होता. शेजारी मी, मागे वहिनी, तिच्या मांडीवर हार-नारळाची पिशवी. पाच-सात सेकंद गेली असतील. मग वहिनीच हळूच म्हणाली, "अहो, आता डबल बेल कोण देणार?"

तीस वर्षं मागून दोन घंटा वाजल्याशिवाय या माणसाने गाडी हलवली नव्हती.

दादा माझा आतेभाऊ. एसटीच्या रत्नागिरी आगारात चालक होता. गेल्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि निवृत्त झाला. रत्नागिरी–जयगड, आंबा घाटातून कोल्हापूर, रातराणीने मुंबई. जिल्ह्यातलं कुठलं वळण किती आत घेतं आणि कुठल्या चढाला दुसरा गिअर पुरत नाही, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. अशा माणसाच्या दारात इतकी वर्षं एक स्कूटर तेवढी होती. आता पहिल्यांदा तो स्वतःची चारचाकी घेत होता, जुनी, सात वर्षं वापरलेली. ती घेऊन आम्ही गुहागर तालुक्यात वेळणेश्वरच्या बाजूला असलेल्या आमच्या आत्याच्या, म्हणजे त्याच्या आईच्या घरी निघालो होतो.

गाडी आत्यासाठीच होती. ऐंशी पार केलेली आत्या वाडी सोडून रत्नागिरीला राहायला तयार नाही आणि गुडघे तिला वाडीत सुखाने राहू देत नाहीत. मधूनमधून डेरवणला वालावलकर रुग्णालयात न्यावं लागतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, त्यामुळे तिकिटाचं कधी अडलं नाही. अडायचं ते बसच्या वेळेवर. सकाळची गाडी चुकली की दिवस गेला, आणि परतीची चुकली की कुणाच्या तरी ओळखीने रिक्षा शोधायची. दादाच्या मनात हे अनेक वर्षं होतं. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्याने सगळ्यात आधी गाडीचा विषय काढला.

रत्नागिरीत कुणी गाडी घेणार म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. दादाचा भाचा म्हणाला, नवीच घ्या, आता स्वस्त झाल्यात. त्याचं चूक नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आणि शोरूममध्ये दसऱ्याला गर्दी उसळली. भाच्याचं बोट टाटा पंचवर होतं. तिची जमिनीपासूनची उंची १८७ मिलिमीटर, गावच्या रस्त्याला खाली घासणार नाही, हा त्याचा मुद्दा. शेजारच्या बागायतदारांचं मत एकच, बोलेरो. आंबा काढणीच्या दिवसांत पेट्या रस्त्यापर्यंत आणायच्या, मजूर न्यायचे, तर दुसरी गाडी टिकत नाही. वहिनीच्या भावाने सीएनजीचं सुचवलं आणि पंपावरच्या रांगेची तक्रारही स्वतःच केली. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर दादाने दोनच प्रश्न विचारले. आईला गुडघा न वाकवता आत बसता येईल का? आणि दर महिन्याला हप्ता भरावा लागेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. एसटीतून निवृत्त झालेल्याला मिळते ती ईपीएसची पेन्शन. तिच्यातून औषधपाणी आणि वीजबिल भागलं तरी पुष्कळ. पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घ्यायचा नाही हे नक्की झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वॅगन आर हे होतं. १९९९च्या अखेरीस ही उंच, डब्यासारखी गाडी भारतात आली तेव्हा पुष्कळांनी तिच्या दिसण्याला नावं ठेवली होती. पण म्हाताऱ्या माणसाला तिच्यात खाली बसावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही. खुर्चीवर बसावं तसं बसायचं. आमच्याकडे घरात वयस्कर माणूस असलेल्यांना हे फार लवकर कळलं.

मग शोध सुरू झाला आणि तिथे दादाच्या ओळखीच्या मेकॅनिकने पहिली अट घातली, "रत्नागिरी पासिंग नको. घाटावरची बघा."

हे ऐकायला विचित्र वाटतं. आपल्या गावाच्या गाडीवर आपलाच विश्वास नाही? पण कारण समुद्र. इथली हवा खारी आणि वर्षातले चार महिने ओली. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, लाल चिखल चाकांच्या कमानीत आणि तळाच्या पत्र्याला जाऊन बसतो आणि वाळला तरी आतून ओलसरच राहतो. मिरकरवाड्यातून निघणाऱ्या मासळीच्या गाड्यांतलं खारं पाणी रस्त्यावर गळत जातं, ते मागून येणाऱ्यांच्या गाड्यांना खालून लागतं. वरचा रंग झगझगीत असतो आणि दाराच्या खालच्या पट्टीत गंज पत्रा खात असतो. त्यामुळे जुनी गाडी घेणारा इथला माणूस नंबरप्लेट आधी वाचतो. कोल्हापूरची एमएच ०९, सांगलीची एमएच १०, साताऱ्याची एमएच ११ दिसली की तो थांबतो.

अखेर मिळाली ती एमएच ०९च. कोल्हापूरकडून बदली होऊन आलेल्या एका शिक्षकांची २०१८ची वॅगन आर, पहिला मालक, एकसष्ट हजार किलोमीटर. मेकॅनिकने ती तपासली तो पाऊण तास मी शेजारी उभी होते. गाडी चालवून बघणं त्याने शेवटी ठेवलं. आधी खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि चाकांच्या कमानीवरून हळूहळू फिरवत नेलं. पत्रा असेल तिथे चुंबक चिकटून ओढ घेतं. ठोक लागल्यावर पुट्टी भरून रंग मारला असेल तिथे ते निसटतं. डाव्या मागच्या कमानीवर ते एकदा निसटलं. शिक्षकांनी लगेच सांगितलं की शाळेच्या फाटकाला घासली होती. मग त्याने डिकीतली चटई उचलली, स्टेपनी बाहेर काढली आणि त्या खोलगट जागेत बोटं फिरवली. कोरडी. दारं उघडून खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, त्यांत काडी घालून बघितली. आणि सगळ्यात शेवटी पुढच्या सीटचा पट्टा धरून ओढायला लागला. ओढत राहिला, पार टोकापर्यंत, आतलं रीळ संपेपर्यंत. मग पट्ट्याचा तो कधी उजेड न पाहिलेला भाग उन्हात धरून बारकाईने बघितला.

"इथं मातीची रेघ असली तर समजायचं, पुरातली गाडी," तो म्हणाला. "सीट बदलतात, चटया बदलतात, आत अत्तर मारतात. पट्टा कोण धूत नाही."

पुरातली म्हणजे चिपळूणची, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. त्या पुरात एसटीच्या चिपळूण आगारात उभ्या बस बुडाल्या. आगाराचे व्यवस्थापक दिवसभराच्या वसुलीचे नऊ लाख रुपये घेऊन नऊ तास बसच्या टपावर बसून राहिले. दादा ही गोष्ट सांगताना अजून खुर्चीतून पुढे सरकतो, आपल्याच घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा. पाणी ओसरलं तेव्हा गल्लीगल्लीत गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या, आतून चिखलाने भरलेल्या. कुणी नुकतीच घेतली होती, कुणाचे हप्ते चालू होते. बोनेट उघडायच्या आधी स्टार्टर मारला त्यांच्या इंजिनात पाणी गेलं. ज्यांनी हात लावला नाही त्यांच्या काही गाड्या वाचल्या. तेव्हापासून या जिल्ह्यात जुनी गाडी घेताना पट्टा ओढून बघणारे मेकॅनिक मी आणखीही पाहिले आहेत.

आमच्या पट्ट्यावर रेघ नव्हती. तीन लाख दहा हजारांवर सौदा ठरला. नवीन नियमाची नंबरप्लेट शिक्षकांनी आधीच बसवून घेतली होती. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे तीस वर्षं रत्नागिरीचे रस्ते चालवलेल्या माणसाची पहिली गाडी कायम कोल्हापूरची म्हणून ओळखली जाणार. दादाला ते थोडं लागलं. वहिनी म्हणाली, अंबाबाईच्या गावची आहे, चांगलंच की.

दुपारी ग्रामदेवता श्री देव भैरीला नारळ देऊन आम्ही निघालो. शिरगाव, साखरतर, बसणी, आरे. खाडीवरचा पूल ओलांडला की गावाचा गलबला मागे पडतो. घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, गडग्याच्या आत माड आणि पोफळी, मध्येच भाताची कापणी चाललेली. दादा पस्तीस-चाळिसाच्या वर जात नव्हता. त्याचा डावा हात गिअरसाठी दरवेळी जरा लांब जायचा, जिथे बसचा दांडा असतो तिथे, आणि मग परत यायचा. स्टिअरिंग तर त्याला फारच हलकं लागत होतं. त्याने उमेदीत चालवलेल्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, वळणावर खांद्याने जोर लावावा लागायचा. "हिला नुसतं बोट दाखवलं की वळते," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, पण अजून पुरता विश्वासही नव्हता.

आरे-वारेचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचं वर्णन नको, आणि पाहिला नाही त्यांनी डोंगराच्या कडेने जावं आणि वरच्या वळणावर थांबून खाली बघावं. एका बाजूला आरेची वाळू, दुसऱ्या बाजूला वारेची, मध्ये खाडीचं तोंड. आम्ही थांबलो तेव्हा वर दहा-बारा गाड्या होत्या. खाली वाळूत चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या टोकाला एक पांढरी एसयूव्ही, मागचं चाक निम्मं गाडलेलं. चार माणसं ढकलत होती. ट्रॅक्टर बोलावला असावा, कारण कुणाला घाई दिसत नव्हती. भरतीला मात्र होती. दादा हे बघून अस्वस्थ झाला. वाळूत अडकणं हा भाग वेगळा, पण समुद्राचं पाणी एकदा ब्रेकच्या आणि बेअरिंगच्या आत गेलं की गाडी दोन वर्षांत खंगते. शहरातून येणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही आणि इथे एकही फलक त्याला अडवत नाही.

उतरताना त्याने गाडी दुसऱ्यावर टाकली आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतला. ज्या गिअरवर चढ चढायचा त्याच गिअरवर उतरायचं, हा घाटातला पाठ. आमच्या पुढे एक गाडी सतत ब्रेक दाबत चालली होती, लाल दिवे विझतच नव्हते, आणि जळक्या लायनिंगचा वास आमच्या काचेतून आत आला. पुढच्या अरुंद वळणावर खालून एक रिक्षा चढत होती. ती गाडी थांबली नाही, रिक्षाला मागे जावं लागलं. दादा काही बोलला नाही. पण पुढच्या चढावर समोरून गाडी आली तेव्हा, ती उतरणारी असूनही हटत नाही हे दिसल्यावर, त्याने दिवा एकदा मिचकावला आणि काच खाली करून शांतपणे सांगितलं, "चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते हो." हा नियम कायद्यातही आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं किती कठीण असतं ते माहीत असलेल्या कुणीतरी तो लिहिला असणार.

आमची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची. तिघं आणि सामान घेऊन ती चढ चढते, पण दुसऱ्यावर रेंगाळते, पहिला टाकावा लागतो. दादाला त्याचं काही वाटलं नाही. आवाज ऐकून तो गिअर बदलत होता. समोरच्या काट्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

गणपतीपुळ्याच्या वाहनतळावर महाराष्ट्राचा अर्धा नकाशा उभा होता. एमएच १२ आणि १४ सगळ्यात जास्त, मग ०९, १०, ११, कऱ्हाडची ५०, ठाण्याची ०४. स्थानिक गाडी शोधावी लागत होती. पार्किंगवाल्या मुलाने आमची प्लेट बघितली आणि दादाला विचारलं, "काका, कोल्हापूरवरनं कधी निघालात? घाटात गर्दी होती का?" दादाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि आंबा घाटाची स्थिती सविस्तर सांगितली. ती त्याला ठाऊक होतीच. अजूनही रोज संध्याकाळी आगारातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून तो सगळ्या घाटांची चौकशी करतो.

केशवसुतांचं मालगुंड आम्ही न थांबता ओलांडलं. पुढे सडा लागला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार, पावसात हिरवं आणि ऑक्टोबरात सोनेरी. तिथे दूरवर जयगडच्या वीज प्रकल्पाची धुराडी दिसायला लागतात. रस्ता एकदम रुंद होतो, कारण बंदराची अवजड वाहतूक इथून चालते. आणि जयगडच्या एसटी थांब्यापाशी दादाने कुणाला न सांगता गाडी बाजूला घेतली.

इथून जयगड–मुंबई गाडी सुटते. २ ऑगस्ट २०१६लाही सुटली होती. त्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८चा दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली अशा दोन एसटी आणि काही खासगी गाड्या अंधारात पाण्यात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७मध्ये खुला झाला. दादा त्या रस्त्याने त्या आठवड्यात दोनदा गेला होता. तो खाली उतरला, थांब्याकडे तोंड करून हात जोडले, परत येऊन बसला. वहिनीने त्याला पाण्याची बाटली दिली. कुणी काही बोललं नाही.

जयगडची फेरीबोट. इकडे तिला अजून जंगलजेटीच म्हणतात. २००३मध्ये दाभोळ–धोपावे अशी पहिली फेरी सुरू झाली आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या खाड्यांचा अर्थच बदलला. शास्त्री नदीची ही खाडी ओलांडून समोरच्या तवसाळला गाडीने जायचं, तर एरवी मोठा वळसा. बोटीवर गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, की दहा-पंधरा मिनिटांत पैलतीर. पत्र्यावर चाकं चढताना धडधड आवाज झाला तेव्हा दादा पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. एसटीची गाडी त्याने कधी पाण्यावर चढवली नव्हती.

बोटीच्या कठड्याशी उभ्या असलेल्या एका डोंबिवलीच्या गृहस्थांशी बोलणं झालं. मूळचे गुहागरचे. गणपतीला दोन दिवस खर्चून आले होते, आता घर उघडून साफसफाई करायला पुन्हा आलेले. मुंबईकर कोकण्याशी गाडीबद्दल बोलायला लागलं की तिसऱ्या वाक्याला महामार्ग येतोच. पनवेलपासून चौपदरीकरण २०११ला सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं नववीत पोचली तरी रस्त्याचे तुकडे अपुरेच राहिले. चिपळूणचे वकील ओवेस पेचकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली, न्यायालयाने पुन्हा पुन्हा जाब विचारला. काही चांगलंही झालं. कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय २०२३च्या गणपतीत पहिल्यांदा मिळाला आणि घाटातली ती जीवघेणी वळणं टळली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. ते गृहस्थ म्हणाले की त्यांनी गाडी घेतली ती गावाला येण्यासाठी, आणि वर्षातले अकरा महिने ती डोंबिवलीत सोसायटीच्या आवारात झाकून असते. २०२५च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाडहून वेर्ण्याला गाड्या रेल्वेवर चढवून न्यायची सोय केली, भाडं ७,८७५ रुपये, वाटेत सिंधुदुर्गासाठी नांदगावला थांबा. रत्नागिरीला थांबा नव्हता. "आम्ही मधले," ते म्हणाले, "आमच्यावरून गाडी जाते." मला ते अजून खटकतं. ज्या जिल्ह्याची माणसं मुंबईच्या प्रत्येक चाळीत राहिली, त्या जिल्ह्याला घरी जायला सरळ रस्ता मिळू नये, याला काय उत्तर आहे?

आत्याच्या लहानपणी हीच वाट समुद्राची होती. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. पावसाळ्यात बोटी बंद. जेठात गेलेलं माणूस पाऊस सरेपर्यंत परत दिसायचं नाही. पुढे एसटी आली, १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. चारचाकी पहिल्यांदा आमच्या वाडीच्या वरच्या रस्त्यावर आली ती एका मुंबईकर मामांची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्यात बनलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. दादा तेव्हा सहावीत होता. मामांनी त्याला मांडीवर घेऊन तो दांडा हलवू दिला होता. आपण चालक का झालो, असं कुणी विचारलं की तो ही गोष्ट सांगतो.

तवसाळहून हेदवीकडचा रस्ता अरुंद आणि झाडीचा. सूर्य बुडता बुडता वाडीच्या वर पोचलो.

वर, कारण गाडी तिथपर्यंतच जाते. आमच्याकडची घरं उतारावर, ओढ्याच्या अंगाला, माडांच्या सावलीत खाली खाली उतरत गेलेली असतात. रस्त्यापासून घरापर्यंत असते पाखाडी, जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट. आत्याच्या घराला चौऱ्याऐंशी पायऱ्या. काही झिजून मधोमध खोलगट झालेल्या, पावसात शेवाळाने निसरड्या. गेल्या श्रावणात आत्याला ताप भरला तेव्हा वाडीतल्या चार मुलांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून वर आणलं होतं. गाडी कितीही चांगली घ्या, कोकणातल्या कितीतरी घरांसाठी ती पाखाडीच्या वरच्या टोकाला संपते. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत किंवा नव्यांच्या माहितीपत्रकात ही मोजदाद कुठे नसते.

गाडी कुठे लावायची यावर अंधार पडेपर्यंत चर्चा झाली. माडाखाली नाही, नारळ पडला तर टप जातो. फणसाखाली तर नाहीच. आंब्याखाली ऊन लागणार नाही, पण पौष-माघात मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा काचेवर आणि रंगावर बसतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. शेवटी गडग्याला लागून, उघड्यावर, ताडपत्री घालून. शेजारच्या काकांनी बोनेटखाली तंबाखूची पुडी बांधायला दिली. उंदीर वायरी कुरतडतात, त्यांना तंबाखूचा वास सोसत नाही, असा वाडीचा अनुभव.

सकाळी गुरव आले. गाडीसमोर केळीच्या पानावर नारळ, तांदूळ, पानाचा विडा. त्यांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. ग्रामदेवतेला, राखणदाराला, चतुःसीमेच्या देवांना एकेक करून हाक मारली, या गाडीच्या पुढे राहा, मागे राहा, रात्री-अपरात्री हिला सांभाळ, असं मागितलं, आणि प्रत्येक मागण्याला भोवतीच्या सगळ्यांनी होकार भरला. चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात आत्या पाखाडी चढून आली. दोनदा बसली होती वाटेत, तरी कुणाचा हात धरला नव्हता. ती गाडीच्या भोवती एक फेरी फिरली, दाराचा पत्रा हाताने चाचपला, भांडं चाचपावं तसा, आणि पुढच्या सीटवर बसली. गुडघा फारसा वाकला नाही. दादा तिच्या पायांकडे बघत होता.

"पट्टा लाव आई."

"हा कशाला? पडणाराय का मी?"

त्याने वाकून स्वतःच पट्टा लावला. आत्या पुढच्या काचेतून ओढ्यापलीकडचा डोंगर बघत बसली. मग म्हणाली, बोटीत असं पुढे कधी बसायला मिळालं नाही, आतच असायचो, आणि ओकाऱ्या व्हायच्या.

दुपारपर्यंत वाडीत बातमी फिरली. खालच्या घरच्या सुनेचे दिवस भरत आले होते. तिच्या सासऱ्यांनी येऊन विचारलं, रात्री गरज लागली तर? शाळेतल्या मुलाला गुहागरला दाखल्यासाठी जायचं होतं. मुंबईहून एक कुटुंब चिपळूण स्टेशनवर पहाटे उतरणार होतं. दादा कुणालाही नाही म्हणाला नाही. दर मात्र कुणी विचारला तर सांगितला नाही, पेट्रोलचे पैसे द्या एवढंच.

संध्याकाळी पडवीत कंदिलाएवढ्या दिव्याखाली तो एक वही घेऊन बसला. शंभरपानी, नवी कोरी. पट्टीने रकाने आखले होते, आगारातल्या लॉगशीटसारखे. पहिल्या ओळीत तारीख, सुरुवातीचा काटा, शेवटचा काटा, आणि मार्ग: रत्नागिरी–आरे-वारे–जयगड–तवसाळ–घर. शेरा या रकान्यात त्याने लिहिलं होतं, डावा मागचा टायर हवा कमी. खालच्या ओळीत काट्याची जागा रिकामी होती. मार्ग मात्र भरलेला होता: सोमवार, सकाळी ७, आई, डेरवण.